बत्तीस बोअर : एक नांव, दोन काडतुसें

आमच्या या सदराच्या एका वाचकभगिनींनीं धरमपेठेहून जें पत्र धाडलें आहे, त्याचा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकास शोभणारा नाहीं असें कित्येकांस वाटेल. परंतु प्रश्न घरांतूनच निघाला आहे, आणि त्याचें उत्तर चुकलें तर इजाही घरांतल्याच माणसास व्हावयाची आहे. तेव्हां त्याची टाळाटाळ करणें बरें नव्हे. या बाईंचे श्वशुर जुन्या मालगुजारांच्या घराण्यांतले. जंगलाच्या कडेला शेती, रात्रीबेरात्रीं जाणें-येणें. त्यामुळें त्यांच्यापाशीं परवान्याचें एक रिव्हॉल्व्हर असे. ते नुकतेच निवर्तले. कपाट आवरतांना रिव्हॉल्व्हराबरोबर काडतुसांच्या दोन डब्या निघाल्या. दोहोंवरही ‘३२’ हा आंकडा आहे. मात्र एका डबींतील काडतूस लांब असून त्याच्या बुडाशीं ठसठशीत कांठ आहे. दुसऱ्या डबींतील काडतूस आखूड आणि कांठ जवळजवळ नाहींच. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, आंकडा एकच आहे, शिवाय दोन्ही काडतुसें चक्राच्या घरांत व्यवस्थित बसतात, मग अडचण कोणती? बाईंचें समाधान झालें नाहीं, म्हणून त्यांनीं आम्हांस विचारलें.

उत्तर प्रथमच सांगून टाकतों. आखूड काडतूस त्या रिव्हॉल्व्हरांत घालूं नये. आणि तूर्त तर दोहोंपैकीं कोणतेंच घालूं नये. पहिल्या नकाराचें कारण यंत्रशास्त्राचें आहे, दुसऱ्याचें कायद्याचें. यंत्रशास्त्राचें कारण नीट उमजावयास थोडें मागें जावें लागेल.

फिरतें तें रिव्हॉल्व्हर. एका नळीच्या मागें सहा, क्वचित् पांच, घरें पाडलेलें एक पोलादी चक्र असतें. चाप ओढला कीं चक्र एका घरानें पुढें सरकतें, नवें घर नळीसमोर येतें, घोडा पडतो आणि काडतुसाच्या बुडांतील टिकली फुटते. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन गृहस्थानें आपल्या देशांत १८३६ मध्यें अशा फिरत्या चक्राचें पेटंट घेतलें. आरंभीं दारू आणि गोळी प्रत्येक घरांत समोरून ठासावी लागे. पुढें पितळी काडतूस आलें आणि तें मागून घालण्याची सोय झाली. पण येथें एक साधीच अडचण उभी राहिली. घर म्हणजे आरपार भोंक. मागून घातलेलें काडतूस पुढें घसरून जाऊं नये यासाठीं काय करावें? तोड अशी निघाली कीं, काडतुसाच्या बुडास बाहेर आलेला कांठ ठेवावा. प्रयोगशाळेंतील परीक्षानळी लांकडी घोडीच्या भोंकांत आपल्या ओठावर लटकते, अगदीं त्याचप्रमाणें काडतूस आपल्या कांठावर चक्रांत अडकून राहतें. घोड्याचा आघात बसेल त्या क्षणीं तें पुढें दबत नाहीं, म्हणून टिकली हटकून फुटते.

हाच कांठ दुसरेंही एक काम करतो. गोळ्या झाडून झाल्या कीं रिकामीं टरफलें घरांत घट्ट बसलेलीं असतात, कारण दारूच्या वायूनें पितळ फुगलेलें असतें. तीं काढण्यासाठीं चक्राच्या मध्यभागीं चांदणीच्या आकाराचा एक तुकडा असतो. तो मागें सरकला म्हणजे प्रत्येक टरफलास कांठाशीं धरून उचलतो. वेब्ली जातीचीं रिव्हॉल्व्हरें इंग्रजी अमदानींत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेस सर्रास दिसत. त्यांची नळी खालीं मोडली कीं साहीं टरफलें एकदम उडून बाहेर पडत. कांठ नसता तर त्या चांदणीस धरावयास कांहींच उरलें नसतें. रिव्हॉल्व्हर आणि कांठाचें काडतूस यांचा असा जन्मापासूनचा संबंध आहे.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपोआप भरणारें पिस्तूल आलें, आणि या पिस्तुलास तोच कांठ नकोसा झाला. या पिस्तुलांत चक्र नसतें. मुठींत एक चपटी पेटी सरकवितात, तिला मॅगझिन म्हणतात. तींत काडतुसें एकावर एक रचलेलीं असून खालून स्प्रिंग त्यांना वर ढकलीत असते. गोळी सुटतांना जो धक्का मागें बसतो त्याच्याच जोरानें पिस्तुलाचा वरचा भाग मागें जातो, रिकामें टरफल बाहेर फेंकतो आणि परत येतांना पेटींतलें वरचें काडतूस नळींत लोटतो. आतां, कांठ असलेलीं काडतुसें अशीं रचलीं आणि वरच्याचा कांठ खालच्याच्या कांठामागें गेला, तर वरचें काडतूस पुढें जाऊंच शकत नाहीं. स्वयंपाकघरांत एकांत एक ठेवलेल्या कांठाच्या झांकणांपैकीं वरचें ओढावें आणि खालचें त्यांत अडकून बसावें, तशांतली ही गत. म्हणून पिस्तुलाच्या काडतुसाचा कांठ छाटून टाकला गेला. बूड अंगाइतकेंच रुंद ठेवून त्याच्या वर एक खांच पाडली. त्या खांचेंत आंकडा अडकून टरफल बाहेर येतें. पुढें घसरूं नये म्हणून आधार घ्यावयाचा तो टरफलाच्या पुढच्या तोंडाचा, बुडाचा नाहीं.

या क्षेत्रांतला सर्वांत मोठा कारागीर म्हणजे जॉन ब्राउनिंग. त्याचें १९०० सालचें पिस्तूल बेल्जममधील लिएजजवळच्या एर्स्टाल येथें तयार होऊं लागलें आणि पाहतां पाहतां युरोपभर पसरलें. आपल्या मराठी माणसांस हें नांव वेगळ्याच कारणानें परिचयाचें झालें. लंडनहून विनायकराव सावरकरांनीं चतुर्भुज अमीन यांच्या हातीं पेटीच्या चोरकप्प्यांतून जीं वीस पिस्तुलें धाडलीं तीं ब्राउनिंगचींच होतीं. त्यांपैकींच एक २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत, देवलांच्या ‘शारदे’चा प्रयोग चालूं असतां, अनंत कान्हेरे याच्या हातांत होतें, कलेक्टर जॅक्सन तेथें ठार झाले आणि कान्हेरे व त्याचे दोन सहकारी १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेले. सहज लपण्याजोगें चपटें, आणि चाप ओढावा तितक्या वेळां उडणारें असें हें हत्यार तेव्हां नवलाईचें होतें.

ब्राउनिंगनें आपल्या त्या पहिल्या यशस्वी पिस्तुलासाठीं १८९९ च्या सुमारास जें लहान काडतूस आंखलें, तेंच आजचें ‘३२ ऑटो’. युरोपांत त्यालाच ७·६५ मिलिमीटरचें म्हणतात. यांत त्यानें कांठ पुरता छाटला नाहीं, नखाच्या कडेइतका शिल्लक ठेवला. बाईंच्या डबींतील आखूड काडतुसाचा तो ‘जवळजवळ नाहींच’ असा कांठ म्हणजे हाच. त्याच्याकडे आपण पुन्हां येऊं. मधल्या काळांत याच ब्राउनिंगनें अमेरिकन सैन्यासाठीं ४५ बोअरचें मोठें पिस्तूल सिद्ध केलें, आणि १९११ मध्यें त्या सैन्यानें तें स्वीकारलें. त्याचें काडतूस मात्र पुरतें बिनकांठाचें होतें.

येथवर दोन घरें वेगळीं होतीं : रिव्हॉल्व्हरास कांठाचें, पिस्तुलास बिनकांठाचें. दोघांची गांठ युद्धानें घातली. एप्रिल १९१७ मध्यें अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली. सव्वा लाखाच्या आसपासची खडी फौज चाळीस लाखांच्या घरांत न्यावयाची होती. १९११ चें पिस्तूल उत्तम खरें, पण तें हवें तितक्या वेगानें निघेना. दुसरीकडे कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन कारखान्यांत मोठ्या रिव्हॉल्व्हरांचीं यंत्रें तयार होतीं आणि कारागीरही होते. मग रिव्हॉल्व्हरेंच घ्यावीं. पण त्यांना काडतूस कोणतें द्यावयाचें? एका खंदकांत दोन तऱ्हेचीं काडतुसें पोंचविणें म्हणजे अनर्थास आमंत्रण. ज्याच्या हातीं पिस्तूल त्याच्या वांट्यास रिव्हॉल्व्हराचीं आलीं कीं तो शिपाई निःशस्त्रच झाला. काडतुसें कोट्यवधि होऊन चुकलीं होतीं आणि त्यांचे सांचे ठरलेले होते. म्हणून निर्णय असा झाला कीं काडतूस बदलावयाचें नाहीं, हत्यार बदलावयाचें. बंदुकीच्या व्यवहारांत नेहमी असेंच होतें. हत्यार एकदां घेतलें कीं तें वर्षानुवर्षें पुरतें. काडतूस रोज लागतें, आणि जें रोज लागतें त्याचीच सत्ता चालते. ज्या घरांत चूल गॅसची कीं विजेची हें सिलिंडर मिळण्या-न मिळण्यावर ठरतें, तेथील गृहिणीस हें अधिक फोडून सांगावयास नको.

बिनकांठाचें काडतूस रिव्हॉल्व्हरांत अडकवावयाचें कसें, हा प्रश्न स्मिथ अँड वेसन यांनीं इतक्या सोप्या रीतीनें सोडविला कीं कौतुक वाटतें. पातळ पोलादी पत्र्याची अर्धचंद्राकृति पट्टी कापली आणि तिला तीन खांचा ठेवल्या. प्रत्येक खांचेंत एका काडतुसाच्या बुडावरची खांच कट्कन बसते. अशा दोन पट्ट्या मिळून सहा काडतुसें. पट्टीच कांठाचें काम करते : तिच्यामुळें काडतूस पुढें जात नाहीं, आणि टरफलें काढतांना चांदणी पट्टीस उचलते व पट्टीबरोबर तिन्ही टरफलें बाहेर येतात. आपल्याकडे ‘अर्धचंद्र देणें’ म्हणजे मानगुटीस धरून बाहेर घालविणें. पोलादाच्या अर्धचंद्रानेंही टरफलांस नेमकें तेंच द्यावें हा योगायोग मौजेचा आहे. शिवाय एक लाभ न मागतां पदरीं पडला. एकेक काडतूस घालण्यापेक्षां तीन-तीन एकदम भरणें पुष्कळच लवकर होतें. पुढें साहींची मिळून एकच पूर्णचंद्राकृति पट्टी निघाली. जेरी मिक्युलेक नांवाच्या अमेरिकन नेमबाजानें १९९९ मध्यें अशाच ४५ बोअरच्या रिव्हॉल्व्हरानें सहा गोळ्या झाडून, पुन्हां भरून, आणखी सहा झाडण्याचें काम २·९९ सेकंदांत उरकलें. असो.

‘१९१७ चा नमुना’ म्हणून हीं रिव्हॉल्व्हरें दोन्ही कारखान्यांनीं मिळून सुमारें तीन लाख केलीं. कोल्टच्या पहिल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरांत घरें सरळ आरपार पाडलेलीं होतीं, त्यामुळें पट्टी हरवली कीं काडतूस थेट आंत घसरे आणि हत्यार निरुपयोगी होई. स्मिथ अँड वेसननें मात्र घराच्या आंत तोंडाशीं एक पायरी ठेवली होती. पट्टीवांचूनही गोळी उडे, फक्त टरफलें नंतर काडीनें टोंचून काढावीं लागत. कोल्टनेंही मागाहून तीच पायरी घेतली. युद्ध संपल्यावर पट्ट्यांची कटकट नको म्हणून पीटर्स या काडतुसांच्या कंपनीनें १९२० मध्यें याच मापाचें पण जाड कांठाचें एक काडतूस काढलें. म्हणजे कांठ छाटला, मग पत्र्याचा लावला, आणि शेवटीं पुन्हां पितळेचा आणला! ब्राझील देशानें १९३७ मध्यें स्मिथ अँड वेसनकडून पंचवीस हजार असलीं रिव्हॉल्व्हरें मागविलीं; दुसऱ्या महायुद्धांतही जुनीं पुन्हां बाहेर काढलीं गेलीं. पुढें १९८० च्या सुमारास त्याच कारखान्यानें ९ मिलिमीटरच्या बिनकांठाच्या काडतुसांसाठीं पट्टीच न लागणारें रिव्हॉल्व्हर काढून पाहिलें. तें थोडीच वर्षें चाललें.

या सर्व खटाटोपांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९१७ सालीं ज्यांनीं हें परकें काडतूस रिव्हॉल्व्हरास दिलें, ते रिव्हॉल्व्हर करणारे होते. त्यांनीं चक्राची लांबी बदलली, घरें नव्या मापानें पाडलीं, त्या दाबास पोलाद टिकतें कीं नाहीं हें तपासलें आणि मग तें शिपायाच्या हातीं दिलें. याच्या उलट प्रकार वेब्लीच्या बाबतींत घडला. दोन्ही युद्धांनंतर निकामी झालेलीं ४५५ बोअरचीं वेब्ली रिव्हॉल्व्हरें अमेरिकेंत स्वस्तांत विकलीं गेलीं. तेथें त्यांचें काडतूस मिळेना, ४५ चें मात्र कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत मिळे. तेव्हां व्यापाऱ्यांनीं चक्राची मागची बाजू थोडी तासून काढली आणि त्यांत अर्धचंद्राची पट्टी बसेल अशी सोय केली. काडतूस बसलें, उडूंही लागलें. पण ४५ च्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या मूळ काडतुसापेक्षां कितीतरी अधिक. जुनें, मधोमध मोडणारें तें हत्यार त्यासाठीं घडविलेलेंच नव्हतें. कांहींचीं चक्रें फाटलीं. आजही जाणते संग्राहक असें तासलेलें वेब्ली पाहिलें कीं प्रथम त्यांत पुरा दारूगोळा घालूं नका म्हणून बजावतात.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. आपल्याकडे हीच कथा उलट्या बाजूनें घडली, आणि ती घडविली कायद्यानें. बंदूक ताब्यांत ठेवण्यापेक्षां तिचें काडतूस मिळूं न देणें सोपें, हें इंग्रजांनीं लवकरच ओळखलें होतें. सैनिकी मार्टिनी-हेन्री बंदुकीचा बोअर ४५०. शिकारी रायफलींतही तोच बोअर लोकप्रिय. सैन्याचा दारूगोळा बंडखोरांच्या हातीं जाऊन कामास येऊं नये म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारनें या बोअरची आयात बंद केली. त्याबरोबर विलायतेंतल्या बंदूकवाल्यांनीं ४६५, ४७०, ४७५ असे नवे बोअर काढले. मध्यप्रांताच्या रानांत ज्या दुनळी रायफलींनीं वाघ पडले त्यांच्या कपाळावरचे ते विचित्र आंकडे असे एका सरकारी हुकुमांतून निघाले आहेत. स्वतंत्र भारतांत १९५९ चा शस्त्रकायदा आला, पण धोरण तेंच राहिलें : सैन्य आणि पोलीस ज्यांचीं काडतुसें वापरतात ते बोअर, उदाहरणार्थ ९ मिलिमीटर, ३८, ३०३, सामान्य परवान्यावर मिळावयाचे नाहींत. त्यामुळें ९ मिलिमीटरचें पिस्तुली काडतूस खाणारें जें रिव्हॉल्व्हर अमेरिकेंत दुकानांत मिळतें, तें येथील नागरिकाच्या वांट्यास येत नाहीं. त्याच्या वांट्यास मुख्यतः येतो तो ३२.

शस्त्रकायद्याशीं नागपूरचें नातें जुनें आहे. १८७८ च्या कायद्याविरुद्ध १९२७ सालीं याच शहरांत मंचरशा आवारी यांनीं सत्याग्रह केला. उघड्या तलवारी घेऊन रस्त्यानें जावयाचें आणि पकडून घ्यावयाचें, अशी त्याची रीत. हत्यार हातीं घेतलेला सत्याग्रह हा सत्याग्रहच नव्हे असें म्हणून गांधीजींनीं त्यास पाठिंबा दिला नाहीं; आवारींना तुरुंग घडला, आणि लोकांनीं त्यांना ‘जनरल’ ही पदवी कायमची दिली. तरुण वाचकांस अंबाझरीचा कारखाना ठाऊक असतो, ही गोष्ट मात्र क्वचितच ठाऊक असते. कोणी विचारील म्हणून सांगतों, अंबाझरीस काम चालतें तें तोफगोळ्यांचें व अग्निबाणांचें. लहान काडतुसांसाठीं महाराष्ट्रांत खडकीचा १८६९ सालचा कारखाना आणि खानदेशांतील वरणगांवचा कारखाना हीं नांवें घ्यावयाचीं.

तर ३२. घोटाळ्याचें मूळ असें कीं आपल्या देशांत या एकाच आंकड्यानें दोन काडतुसें विकलीं जातात. दुकानदार ‘बत्तीस बोअर’ म्हणतो, परवान्यावरही बत्तीस असतें. पुढें ‘रिव्हॉल्व्हर’ कीं ‘पिस्तूल’ हा एक शब्द काय तो भेद दाखवितो. पहिलें काडतूस स्मिथ अँड वेसनचें १८९६ सालचें, ज्याला ‘३२ लाँग’ म्हणतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचें ३२ बोअरचें रिव्हॉल्व्हर यासाठींच आहे, २०१४ सालीं स्त्रियांसाठीं म्हणून गाजावाजानें आणलेलें ‘निर्भीक’ही यासाठींच. (त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरांत होती; ज्या स्त्रियांस भय अधिक त्यांच्यापाशीं सव्वा लाख कोठून असावयाचे, हें तें आणणाऱ्यांनीं सांगितलें नाहीं.) दुसरें काडतूस ब्राउनिंगचें. सरकारी कारखान्यांचें ‘अशनी’ हें पिस्तूल तें खातें. नांव देणाऱ्यास संस्कृत येत असावें.

दोन्ही काडतुसें शेजारीं ठेवून मोजलीं तर काय आढळतें? दोहोंची गोळी जवळजवळ एकाच व्यासाची, आठ मिलिमीटरांस किंचित् कमी. टरफलाचा घेरही एकच, सुमारें साडेआठ मिलिमीटर. म्हणूनच एकाच्या घरांत दुसरें शिरतें. लाँगचें टरफल २३ मिलिमीटरांहून थोडें लांब, ब्राउनिंगचें १७ मिलिमीटरांहून थोडें अधिक. लाँगचा कांठ साडेनऊ मिलिमीटरांचा. आणि ब्राउनिंगनें जो नखाएवढा कांठ शिल्लक ठेवला, तो नऊ मिलिमीटरांहून किंचित् मोठा भरतो. म्हणजे घराच्या कडेवर तो जेमतेम टेकतो. ४५ चें काडतूस पट्टीवांचून रिव्हॉल्व्हरांत टिकत नाहीं म्हणून तेथें मनुष्य सावध होतो. येथें पट्टी लागत नाहीं, कांहीं तासावें लागत नाहीं, काडतूस आपण होऊन बसतें, आणि त्यामुळेंच मनुष्य फसतो. बाईंच्या चिरंजीवांचें निरीक्षण खरें आहे, निष्कर्ष तेवढा खरा नाहीं.

कारण आंत जो दाब उत्पन्न होतो तो बाहेरून मोजतां येत नाहीं. अमेरिकन कारखानदारांच्या मंडळानें ३२ लाँगसाठीं कमाल दाब ठरविला आहे तो दर चौरस इंचास १५,००० पौंड. ३२ ऑटोसाठीं २०,५०० पौंड. आखूड आणि हलकें म्हणून ऑटो सौम्य असेल ही समजूत साफ उलटी आहे. लाँगची गोळी ९८ ग्रेन वजनाची आणि संथ, सेकंदास सातशें फुटांच्या आसपास जाणारी. ऑटोची ७१ ग्रेनची पण नऊशें फुटांच्या आसपास जाणारी. पिस्तुलाचा वरचा जड भाग मागें ढकलावयाचा असतो, म्हणून त्याच्या काडतुसास जोर लागतोच. आपल्याकडील बहुतेक जुनीं ३२ चीं रिव्हॉल्व्हरें वेब्लीच्या वळणाचीं, मधोमध मोडणारीं आहेत. त्यांचा सगळा भार वरची एक कडी आणि खालची एक बिजागरी यांवर असतो. २०२३ मध्यें कानपूरहून ‘प्रबल’ हें चक्र बाजूस उघडणारें रिव्हॉल्व्हर आलें, तोंपर्यंत सरकारी नमुनाही मोडणाराच होता. नेमलेल्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक जादा दाब अशा सांध्यावर पडला तर तो प्रत्येक वेळीं फाटेलच असें नाहीं. बहुधा पहिल्यांदा कांहींच होणार नाहीं. कडी सैल होईल, चक्र व नळी यांमधली फट वाढेल, आणि केव्हां तरी गरम वायु व शिशाचे कण त्या फटींतून धरणाऱ्याच्या हातावर व शेजाऱ्याच्या तोंडावर येतील. जें रिव्हॉल्व्हर पन्नास-साठ वर्षांचें आहे, तें आज कितव्या वेळेच्या काठावर आहे हें बाहेरून कोणास कळणार?

याशिवाय लहानसा त्रास असा कीं, इतक्या अरुंद कांठावरून चांदणी निसटते आणि टरफल तिच्या खालीं जाऊन बसतें. मग तें हत्यार कारागिराकडे नेल्यावांचून उघडत नाहीं. उलट बाजूनें, म्हणजे लाँग काडतूस पिस्तुलांत, ही चूक होण्याचें भय नाहीं. तें पेटींत मावतच नाहीं.

आतां कायद्याचा भाग. परवाना ज्याच्या नांवाचा त्याच्याबरोबर तो संपतो. मुलास तो वारशानें मिळत नाहीं. परवानाधारक वारल्यावर शस्त्र व दारूगोळा विनाकारण विलंब न लावतां जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावा लागतो. नंतर वारसास स्वतःच्या नांवें परवाना मिळाला तर शस्त्र परत मागतां येतें. नागपूर शहरांत हा अर्ज पोलीस आयुक्तांकडे करावयाचा, जिल्ह्यांतील गांवांसाठीं जिल्हाधिकाऱ्यांकडे. मध्यंतरीं तें कपाटांत ‘आठवण’ म्हणून ठेवणें हा गुन्हा आहे. ही आठवण श्वशुरांस कितीही प्रिय असली तरी तिच्यापायीं चिरंजीवांस कचेरीच्या पायऱ्या झिजवावयास लावण्यांत अर्थ नाहीं. शिवाय बाईंनीं लिहिलें आहे कीं, डब्या माळ्यावरच्या कपाटांत होत्या. वर पत्रा आणि मे महिन्यांत बाहेर ४५ अंशांच्या पुढचें ऊन. अशा जागीं वर्षानुवर्षें राहिलेली दारू बिघडते, टिकल्याही बेभरंवशाच्या होतात. पितळेवर हिरवट गंज चढला असेल तर तीं काडतुसें लाँग असोत वा ऑटो, झाडण्याच्या कामाचीं राहिलीं नाहींत.

तेव्हां त्यांनीं असें करावें. रिव्हॉल्व्हराचा चाप कोणी ओढून पाहूं नये. चिरंजीवांनीं जें काडतूस बसवून पाहिलें तें बाहेर काढलें आहे ना, हें त्यांनाच विचारून घ्यावें. शंका असल्यास हत्यार हातीं न घेतां आधीं ठाण्यावर कळवावें आणि तेथील जाणत्या माणसाकडून तें रिकामें करवावें. काडतुसें केरांत, विहिरींत अगर विस्तवांत टाकूं नयेत. परवान्याची मूळ प्रत आणि मृत्यूचा दाखला बरोबर ठेवावा. लांब काडतुसांची डबी आणि आखूड काडतुसांची डबी निरनिराळ्या बांधाव्या, आखूडवर ‘पिस्तुलाचीं’ असें मराठींत ठळक लिहावें, आणि पोंच घेतांना दोहोंची संख्या एकत्र ‘बत्तीस बोअर’ अशी न मांडतां वेगवेगळी नोंदवून घ्यावी.